देहाचे पहारेकरी

पायात काटा रुतला, की ती जागा लाल होते, सुजते आणि ठणकू लागते. ही सूज म्हणजे निव्वळ पीडा, असेच पूर्वी बहुतेक वैद्य मानीत. ती देहाच्या रक्षणाची धडपड आहे, हे पटवून देण्यासाठी ज्याने आयुष्य वेचले, तो शास्त्रज्ञ म्हणजे इल्या मेच्निकॉव्ह होय.

त्याचा जन्म इ. स. १८४५ मध्ये त्या वेळच्या रशियन साम्राज्यात, खारकॉव्ह शहराजवळच्या एका खेड्यात झाला. हा प्रदेश आज युक्रेनमध्ये आहे. विद्यापीठाचा चार वर्षांचा अभ्यासक्रम त्याने दोनच वर्षांत पुरा केला. पुढे तो ओडेसा येथे प्राध्यापक झाला. परंतु तेथील राजकीय कलहांना कंटाळून १८८२ मध्ये त्याने ते पद सोडले व इटलीतील मेसिना या बंदरी मुक्काम केला.

एके दिवशी घरची मंडळी सर्कस पाहावयास गेली होती. मेच्निकॉव्ह एकटाच सूक्ष्मदर्शकातून तारामाशाची काचेसारखी पारदर्शक पिले न्याहाळीत बसला होता. त्यांच्या अंगात काही पेशी इकडून तिकडे फिरत होत्या. या पेशी देहात शिरलेल्या शत्रूशी झुंजत असतील काय, असा विचार त्याच्या मनात चमकून गेला. त्याने तत्काळ बागेतून गुलाबाचे काटे आणून त्या पिलांना टोचले. त्या रात्री त्याच्या डोळ्याला डोळा लागला नाही. पहाटे पाहतो तो काट्याभोवती पेशींचा वेढा पडलेला! त्या पिलांना रक्तवाहिन्या नसतानाही पेशी धावून आल्या होत्या. जंतूंना गिळून टाकणाऱ्या अशा पेशींना पुढे भक्षकपेशी हे नाव मिळाले.

त्याचे म्हणणे सहजासहजी मान्य झाले नाही. जंतूंचा नाश रक्तरसातील द्रव्ये करतात, पेशी नव्हे, असे जर्मनीतील अनेक नामवंत म्हणत. मेच्निकॉव्ह खचला नाही. १८८८ मध्ये लुई पाश्चरने त्याला पॅरिस येथील आपल्या संस्थेत प्रयोगशाळा दिली. तेथे त्याने आक्षेपांना प्रयोगांनीच उत्तरे दिली. अखेर १९०८ चे नोबेल पारितोषिक त्याला व रक्तरसाच्या पक्षाचा पॉल एर्लिख याला विभागून मिळाले. दोघांच्याही म्हणण्यात तथ्य होते. १९१६ मध्ये पॅरिस येथे मेच्निकॉव्हचे निधन झाले.

या पेशींना केवळ जंतूच नव्हे, तर ताण व दाबही जाणवतो, हे आता कळले आहे. श्वासागणिक फुप्फुस ताणले जाते. परंतु कृत्रिम श्वसनयंत्राने ते प्रमाणाबाहेर ताणले, तर तेथील भक्षकपेशी दाह वाढविणारी द्रव्ये सोडू लागतात. म्हणूनच डॉक्टर यंत्रातून हवा बेताने देतात. रक्षक पेशी प्रसंगी अपायही करतात, हे पुढील पिढ्यांनी जाणले. परंतु त्यांचे रक्षणाचे कार्य जगापुढे मांडले, ते मेच्निकॉव्हनेच.