हेलनचा आवाज

आमच्या ताडकळसला पिठाच्या गिरणीत दळण घेऊन आलेल्या दोन बायका बोलत असतात. गिरणी सुरू झाली की दोघींचे आवाज आपसूक चढतात, थांबली की उतरतात. कुणी सांगावे लागत नाही. ही गंमत पॅरिसचे कानाचे डॉक्टर एत्येन लोम्बार यांनी १९११ साली नोंदवली. आपण बोलतो तोंडाने, पण लगाम कानाच्या हाती. आपला आवाज कसा निघणार याचा अंदाज मेंदू आधीच बांधतो. कानावर पडलेला आवाज त्याच्याशी जुळला नाही, तर सेकंदाच्या एक-दोन दशांशातच सूर सावरू लागतो.

हा लगाम सुटला तर काय होते? शाळेच्या पुस्तकातून आपल्या ओळखीची असते ती पंपाच्या धारेखाली हात धरलेली हेलन केलर. मला तिच्या आवाजाची कहाणी अधिक मोठी वाटते.

तिचा जन्म २७ जून १८८० चा, अमेरिकेतल्या अलाबामा राज्यातला. एकोणीस महिन्यांची असताना आजारपणात डोळे गेले, कानही गेले. तोवर ती चार शब्द बोलू लागली होती. जीभ, ओठ, कंठ सारे शाबूत. तरी शब्द विरून गेले. पाण्यासाठीचा वॉ-वॉ एवढा उच्चार तेवढा उरला. (बडबडे मूल गप्प होऊ लागले की डॉक्टर आधी कान तपासायला सांगतात, ते उगीच नव्हे.)

१८८७ मध्ये ॲन सुलिव्हनबाई आल्या, तिला बोटांची भाषा मिळाली. पण हेलनला तोंडानेच बोलायचे होते! १८९० मध्ये बॉस्टनच्या सेरा फुलरबाईंनी तिचा हात आपल्या चेहऱ्यावर ठेवून ओठ-जीभ कशी हलते ते चाचपू दिले. हाताचा कान झाला खरा. पण हाताला थरथर कळते, सूर नेमका किती चढला ते कळत नाही. पुढे ती चार्ल्स व्हाइट या गायनशिक्षकाकडेही शिकली. १९१३ पासून व्याख्याने देऊ लागली, तेव्हाही आवाज मध्येच उंच जाई, मध्येच खोल बुडे, आणि तिला पत्ता नसे. ॲनबाई तिची वाक्ये श्रोत्यांना पुन्हा सांगत.

आंधळेपण किंवा बहिरेपण नव्हे, नीट बोलता न येणे हेच आपले मोठे दुःख, असे तिने उतारवयात सांगितले. इतकी पुस्तके लिहिलेल्या बाईचे हे दुःख! तरी ती गप्प बसली नाही. १९५५ साली, पंचाहत्तरीच्या उंबरठ्यावर, ती भारतात आली, मुंबईलाही आली. तेव्हा ॲनबाई हयात नव्हत्या. शेजारी पॉली थॉमसन उभ्या राहत, आणि हेलन बोले.