श्वासावर नजर ठेवणारा सर्जन

जालना हा स्वतंत्र जिल्हा झाला १९८१ साली. त्याच्या शंभर वर्षे आधी जालना निजामाच्या हैदराबाद संस्थानात होते आणि गावात हैदराबाद कंटिंजंटची छावणी होती. संस्थानाच्या दवाखान्यांसाठी डॉक्टर तयार करणारी वैद्यकीय शाळा हैदराबादेत होती. १८८५ पासून तिची सूत्रे सर्जन एडवर्ड लॉरी यांच्याकडे होती. भूल देणाऱ्याने नेमके काय पाहायचे, या एका प्रश्नाचा पाठपुरावा त्यांनी अखेरपर्यंत केला.

लॉरी यांचा जन्म १८४६ चा. एडिंबरोत ते नामवंत सर्जन जेम्स साइम यांच्या हाताखाली शिकले. याच शहरात जेम्स सिम्प्सन यांनी १८४७ मध्ये क्लोरोफॉर्मचा वापर सुरू केला होता. शस्त्रक्रियेच्या वेदना थांबल्या, पण काही रुग्ण टेबलावरच दगावू लागले. १८४८ च्या जानेवारीत हॅना ग्रीनर ही १५ वर्षांची मुलगी पायाच्या बोटाचे नख काढताना गेली. मृत्यू कशाने येतो यावर दोन तट पडले. लंडनकर म्हणत, हृदय थांबते, म्हणून नाडी धरा. एडिंबरोकर म्हणत, आधी श्वास थांबतो, म्हणून श्वास पाहा.

साइम यांची ही शिकवण घेऊन लॉरी हिंदुस्थानात आले. कापडाच्या शंकूत क्लोरोफॉर्मचे थेंब टाकायचे, हवा भरपूर मिळू द्यायची आणि नजर फक्त श्वासावर ठेवायची, ही त्यांची पद्धत. नाडीकडे लक्ष दिले तर श्वासाकडे दुर्लक्ष होते, असे ते विद्यार्थ्यांना बजावत. या पद्धतीने हजारो शस्त्रक्रिया पार पडल्या. त्यांच्या विद्यार्थ्यांमध्ये पारशी घराण्यातील रूपाबाई फर्दुनजीही होत्या. क्लोरोफॉर्म देण्याचे काम त्यांनी हैदराबादच्या रुग्णालयांत अनेक वर्षे केले. जगातील पहिली स्त्री भूलतज्ज्ञ म्हणून आज त्यांचे नाव घेतले जाते.

लॉरी यांनी १८८८ मध्ये जनावरांवर प्रयोग करून आपले म्हणणे मांडले. लंडनच्या ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकाने शंका घेतली. तेव्हा सहावे निजाम मीर महबूब अली खान यांनी एक हजार पौंड देऊ केले आणि ‘लॅन्सेट’ने आपला तज्ज्ञ पाठवावा असे सुचवले. १८८९ मध्ये लॉडर ब्रंटन हैदराबादला आले. क्लोरोफॉर्म थेट हृदयावर घाला घालू शकते, असे त्यांचे मत होते. शेकडो कुत्री, माकडे आणि इतर जनावरांवर प्रयोग झाले आणि ब्रंटन यांनी आपले मत बदलले. एका संस्थानाच्या खर्चाने झालेल्या या कामाची चर्चा जगभर झाली.

पण टेबलावरचे मृत्यू थांबले नाहीत. लॉरी यांनी त्याचा दोष औषधाला न देता देणाऱ्याच्या हाताला दिला. १९०१ मध्ये ते निवृत्त झाले. १९११ मध्ये गुडमन लेव्ही यांनी दाखवून दिले की हलकी भूल असताना क्लोरोफॉर्ममुळे हृदयाची लय अचानक बिघडून ते थांबू शकते. म्हणजे नाडी पाहू नका, हा लॉरी यांचा हट्ट चुकीचा होता. १९१५ मध्ये त्यांचे निधन झाले. पुढे क्लोरोफॉर्मही शस्त्रक्रियागृहातून हद्दपार झाले.

त्यांचा अर्धा धडा मात्र टिकून आहे. आज एंडोस्कोपी किंवा दातांच्या उपचारांसाठी गुंगीची औषधे दिली जातात. प्रोपोफॉल अर्ध्या-पाऊण मिनिटात काम करते. मात्रा थोडी जास्त झाली तर गुंगीची पूर्ण भूल होते, श्वास मंदावतो, कधी थांबतो. मिडाझोलाम आणि नवे रेमिमाझोलाम यांचा परिणाम फ्लुमाझेनिलने उलटवता येतो. प्रोपोफॉलवर असा उतारा नाही. २००९ मध्ये गायक मायकेल जॅक्सन यांचा मृत्यू झाला, तो घरी दिलेल्या प्रोपोफॉलने. देणारा डॉक्टर हृदयरोगतज्ज्ञ होता, भूलतज्ज्ञ नव्हता, आणि रुग्णावर लक्ष ठेवणारी पुरेशी साधने तिथे नव्हती. २०११ मध्ये न्यायालयाने त्याला दोषी ठरवले.

म्हणून औषध कितीही नवे असले तरी ते देणाऱ्याला थांबलेला श्वास पुन्हा सुरू करता आला पाहिजे, आणि उपचार चालू असताना त्याच्याकडे दुसरे काम नसावे. श्वास, नाडी, रक्तदाब आणि रक्तातला ऑक्सिजन या चारही गोष्टींवर त्याची नजर हवी. गुंगी देणार असे सांगितल्यावर जालन्यातल्या रुग्णाने किंवा नातेवाइकाने आधी एवढे जरूर विचारावे: उपचार एक डॉक्टर करत असताना श्वासाकडे कोण पाहणार आहे?