फ्रान्सने ज्याला चार वर्षं डांबून ठेवलं, त्यानेच फ्रेंच खाणकामगारांच्या सुटकेवर सिनेमा काढला

खाणीतला अपघात आणि आत अडकलेले कामगार म्हटलं की आपल्याला 'काला पत्थर' आठवतो, नाहीतर अलीकडचा 'मिशन रानीगंज'. पण खऱ्या खाण दुर्घटनेवरचा असा एक सिनेमा १९३१ सालीच येऊन गेला होता. तो करणाऱ्याचं नाव गेऑर्ग विल्हेल्म पाब्स्ट.

पाब्स्टचा जन्म १८८५ सालचा, बोहेमियातला. वडील रेल्वेत नोकरीला. लहानाचा मोठा झाला व्हिएन्नात. नाटकाचा नाद लागला आणि नट म्हणून तो थेट न्यूयॉर्कच्या जर्मन रंगभूमीपर्यंत पोचला. १९१४ साली युरोपला परतला आणि नेमकं तेव्हाच पहिलं महायुद्ध पेटलं. ऑस्ट्रियाचा माणूस म्हणजे फ्रान्सच्या लेखी शत्रू. त्याला पकडून ब्रेस्टजवळच्या छावणीत टाकलं. युद्ध संपेपर्यंत तो तिथेच. गड्याने तिथेही कैद्यांना घेऊन नाटकं बसवली.

सुटल्यावर तो सिनेमात आला. ग्रेटा गार्बो, लुईझ ब्रूक्स यांच्यासोबतचे त्याचे मूकपट गाजले. १९३० साली त्याने खंदकातल्या सैनिकांवर 'वेस्टफ्रंट १९१८' केला आणि पुढच्याच वर्षी 'कामेराडशाफ्ट'. म्हणजे सोबत्यांमधलं नातं.

याच्या मुळाशी होती उत्तर फ्रान्समधल्या कुरियेरची दुर्घटना. १० मार्च १९०६ रोजी तिथल्या खाणीत कोळशाची पूड पेटली. ही पूड हवेत उडालेली असली की दारूसारखी पेट घेते, आणि एका बोगद्यातला भडका पुढच्या बोगद्यातली पूड उडवत सुटतो. १,०९९ माणसं गेली. तेव्हा जर्मनीतल्या वेस्टफालियातून खाणकामगारांचं पथक श्वासाची उपकरणं घेऊन मदतीला आलं. स्फोटानंतर तब्बल वीस दिवसांनी तेरा जण जिवंत बाहेर आले, चौथ्या एप्रिलला आणखी एक.

पाब्स्टने यात दोन मोठे बदल केले. काळ पुढे आणून महायुद्धानंतरचा घेतला आणि खाण नेली थेट फ्रान्स-जर्मनीच्या सीमेवर. खरी कुरियेर सीमेपासून बरीच लांब आहे. इतिहास म्हणून हे चूकच, पण सिनेमा उभा राहतो तो यामुळेच. १९०६ मध्ये मदतीला येणारा जर्मन हा फक्त शेजारी होता. युद्धानंतर मात्र त्याच माणसाने तुमचा भाऊ मारलेला असू शकतो.

खाण स्टुडिओत उभारली होती, तरी बघताना जीव गुदमरतो. फ्रेंच पात्रं फ्रेंच बोलतात, जर्मन पात्रं जर्मन. एका प्रसंगात अडकलेल्या फ्रेंच कामगाराला समोर गॅसमास्क घातलेला माणूस दिसतो. तो सोडवायला आलाय, पण याला वाटतं आपण अजून खंदकातच आहोत. तो त्याच्या अंगावर धावून जातो.

शेवटी वर दोन्हीकडचे कामगार एकमेकांचे हात धरतात, भाषणं होतात. आणि खाली? बचावासाठी तोडलेली सीमेवरची लोखंडी जाळी दोन्ही देशांचे पहारेकरी कागदपत्रं करून पुन्हा बसवतात. हा शेवट सगळ्यांना पचला नाही. अनेक प्रतींमधून तो कापला गेला. समीक्षकांनी सिनेमा उचलून धरला, पण जर्मनीत तो फारसा चालला नाही.

हिटलर आल्यावर पाब्स्ट फ्रान्समध्ये काम करत राहिला. मध्ये हॉलिवूडही करून आला, तिथे जमलं नाही. १९३९ साली तो ऑस्ट्रियात असताना दुसरं महायुद्ध सुरू झालं. ऑस्ट्रिया तोवर हिटलरच्या ताब्यात गेला होता. तो तिथेच राहिला आणि नाझी राजवटीत त्याने 'कोमेडियांटन' आणि 'पॅरासेल्सुस' हे सिनेमे केले. नाइलाज होता की तडजोड, यावर सिनेमावाले आजही भांडतात. नाइलाज धरला तरी, जाळी तोडणाऱ्यांवर सिनेमा काढलेल्या माणसाचं हे काम खटकतंच.

युद्धानंतर १९५५ साली त्याने हिटलरच्या बंकरमधल्या अखेरच्या दिवसांवर सिनेमा केला. २९ मे १९६७ रोजी व्हिएन्नात तो वारला.