भास्कराचार्य आणि त्यांची एक संख्या

विद्यार्थ्यांनीं पाटीवर १७६६३१९०४९ ही संख्या मांडावी. तिच्या वर्गांतून एक वजा केला असतां जी बाकी उरते, तिला ६१ नें निःशेष भाग जातो. आणि भागाकार येतो तोही २२६१५३९८० या पूर्ण संख्येचा वर्गच असतो. एक सोडल्यास हा गुण असलेली याहून लहान संख्या नाहीं. सुमारें पावणेनऊशें वर्षांपूर्वीं ज्यांनीं ती आपल्या ग्रंथांत दिली, त्या भास्कराचार्यांचें चरित्र आम्ही मुखेडच्या बालवाचकांपुढें व त्यांच्या पालकांपुढें ठेवीत आहों.

आचार्यांचा जन्म शके १०३६ म्हणजे इ. स. १११४ चा. सह्याद्रीच्या आश्रयाचें विज्जलविड हें त्यांचें गांव. तें आजचें कोणतें, याविषयीं विद्वानांत एकमत नाहीं. पिता महेश्वर हेच त्यांचे गुरु. छत्तिसाव्या वर्षीं, ११५० सालीं, त्यांनीं सिद्धान्तशिरोमणि रचिला. त्यांतील लीलावती सर्वांच्या परिचयाची आहे. त्या नांवाच्या कन्येची करुण कथा मात्र फैजीच्या १५८७ सालच्या फारशी भाषांतरांतून पसरली; ती इतिहास म्हणून सांगूं नये.

आमच्या मतें आचार्यांचें खरें सामर्थ्य बीजगणितांत दिसतें. दोन उत्तरांपासून तिसरें कसें साधावें, हें ब्रह्मगुप्तानें ६२८ सालींच दाखविलें होतें. पण पहिलें उत्तर मिळवावें कसें? यास चक्रवाल नांवाची रीति आहे. जयदेव नामक गणितज्ञास ती पूर्वींच ठाऊक होती, हेंही येथें नमूद केलें पाहिजे. ८ चा वर्ग ६४, म्हणजे ६१ हून ३ अधिक. तेथून एका फेरींत ३९ व ५ हे अंक मिळतात: ३९ चा वर्ग १५२१, आणि ५ च्या वर्गाची ६१ पट १५२५, अंतर अवघें चाराचें. मग ब्रह्मगुप्ताच्या रीतीनें २९७१८ व ३८०५ येतात, आणि अंतर एकावर येतें, परंतु उलट बाजूस. २९७१८ च्या वर्गाची दुप्पट करून एक मिळवावा, म्हणजे आरंभींची संख्या हातीं येते. मुलांनीं हा ताळा अवश्य करून पाहावा.

१६५७ सालीं फ्रान्समधील फर्मा यानें हाच ६१ चा प्रश्न इतर गणितज्ञांस आव्हान म्हणून घातला. आचार्यांच्या उत्तराची युरोपांत कोणासही वार्ता नव्हती. कोलब्रुक यांचें इंग्रजी भाषांतर निघालें तें १८१७ सालीं, आणि तोंवर या समीकरणास पेल नांवाच्या इंग्रज गृहस्थाचें नांव चिकटलें होतें. त्या गृहस्थाचा यांत फारसा हात नव्हता!

स्वदेशीं मात्र त्यांची विद्या घरच्यांनीं जतन केली. आचार्यांनीं ११८३ सालीं, वृद्धपणीं, करणकुतूहल लिहिलें. त्यांचा नातू चांगदेव हा देवगिरीच्या सिंघण यादवाचा राजज्योतिषी झाला; आपला हा मुलूखही तेव्हां यादवांच्याच सत्तेखालीं होता. चांगदेवानें चाळीसगांवजवळील पाटण येथें आजोबांचे ग्रंथ शिकविण्यासाठीं मठ स्थापिला. तेथील १२०७ सालचा शिलालेख डॉ. भाऊ दाजी यांनीं उजेडांत आणिला. लेख बहुतांशीं संस्कृतांत आहे. परंतु मठास कोणीं काय द्यावयाचें, ही नोंद त्या काळच्या मराठींत कोरलेली आहे.