वाटी-चमच्याने लाखो घरांना स्वयंपाक शिकविणाऱ्या कमलाबाई ओगले

बारामती आणि इंदापूर तालुक्यांतील लग्नघरांत आचाऱ्याच्या हाती तराजू क्वचितच दिसतो. चूल पेटली, हंडा चढला की तिखट, मीठ, गूळ सारे काही मुठीने पडते आणि शंभर पाने उठली तरी चव हलत नाही. घरातील जाणत्या स्त्रीचेही तसेच. मीठ किती घालायचे, असे सुनेने विचारले तर बेताने घाल, एवढेच उत्तर मिळे. हा बेत म्हणजे नेमका किती, हे मात्र वर्षानुवर्षे चुलीपाशी बसल्याखेरीज उमगत नसे. मराठी स्वयंपाकघरातील या अंदाजाला वाटी आणि चमच्याच्या भाषेत आणण्याचे श्रेय प्रामुख्याने ज्यांच्याकडे जाते, त्या 'रुचिरा'कार कमलाबाई ओगले यांचे शिक्षण जेमतेम चौथीपर्यंत झाले होते.

कमलाबाईंचा जन्म १९१३ मधील. सांगलीजवळचे कुंडल हे त्यांचे जन्मगाव. त्या काळी हे गाव औंध संस्थानात होते आणि त्याच्या शेजारीच १९१० मध्ये किर्लोस्करवाडी वसली होती. लोखंडी नांगराचा कारखाना उभा राहत असलेल्या त्या परिसरात मुलींची शाळा मात्र चार इयत्तांपुढे क्वचितच जाई. लग्नानंतर कमलाबाई सांगलीच्या ओगले घराण्यात आल्या आणि त्यांचे खरे शिक्षण तेथे सुरू झाले. शिक्षिका होत्या त्यांच्या सासूबाई.

त्या काळच्या सासुरवाशिणीला स्वयंपाक शिकवला जात नसे, तो तिच्याकडून करवून घेतला जाई. चुकले की बोलणी बसत आणि का चुकले ते कळायला पुढचा सण उजाडावा लागे. चकली तेलात विरघळली तर मोहन जास्त झाले आणि दातांना कडक लागली तर ते कमी पडले, हे ठाऊक होण्यासाठी दोन-तीन दिवाळ्या खर्ची पडत. अनारशाची परीक्षा तर त्याहून कठीण. तांदूळ तीन दिवस भिजवायचे, रोज पाणी बदलायचे, सुकवून कुटायचे, गुळात मळून पीठ मुरवायचे आणि एवढे सारे करून कढईत अनारसा फसफसून पसरला की सगळी मेहनत तेलात! कमलाबाईंच्या बाबतीत वेगळेपण असे, की सासूबाईंच्या हाताखाली जे मिळाले ते त्यांनी केवळ हातात ठेवले नाही. पदार्थ कोणत्या टप्प्यावर बिघडतो आणि तेथे काय करावे, याची त्या मनाशी नोंद करीत गेल्या असाव्यात. त्यांच्या पुढील लेखनाची धाटणी पाहता दुसरा निष्कर्ष काढता येत नाही.

पुढे मुंबईला आल्यावर त्यांनी शिवाजी पार्क परिसरात 'अन्नपूर्णा' नावाने पाककलेचे वर्ग चालविले. हा काळ मुंबईतील मराठी घरांच्या दृष्टीने संक्रमणाचा होता. कोकणातून, देशावरून नोकरीसाठी आलेली जोडपी दोन खोल्यांत संसार थाटत होती. सासू गावी, आई माहेरी, हाती नवा प्रेशर कुकर आणि विचारायला कोणी नाही, अशी अनेक तरुणींची अवस्था होती. अशा मुलींसमोर बेताने घाल हे उत्तर निरुपयोगी होते. वर्ग घेताना कमलाबाईंना हे रोज दिसले असणार.

त्यातून 'रुचिरा' आकाराला आले. पहिली आवृत्ती १९७० ची. मराठीत पाककृतींची पुस्तके त्याआधी नव्हती असे मुळीच नाही. लक्ष्मीबाई धुरंधर यांचे 'गृहिणी-मित्र' १९१० मध्येच प्रसिद्ध झाले होते आणि त्यात हजार पाकक्रिया होत्या. अडचण मापांची होती. शेर, तोळा आणि मासा यांच्या हिशेबावर वाढलेल्या घरांत १९५६ च्या कायद्याने दशमान मापे आली आणि १९६२ पासून ती सक्तीची झाली. वाण्याकडे ग्रॅम, आजीच्या तोंडी शेर आणि घरात तर वजनकाटाच नाही, असा तो गोंधळ होता. कमलाबाईंनी दोन्ही मापे बाजूला ठेवली आणि प्रत्येक घराच्या मांडणीवर असलेली वाटी व चमचा उचलला. आज ही गोष्ट अगदी साधी वाटते. तेव्हा मात्र तिने स्वयंपाकाचे गुपित उघडे केले. वाटी लहान की मोठी याने फारसे बिघडत नाही, कारण डाळ आणि गूळ एकाच वाटीने मोजले की प्रमाण टिकते.

शाळेत चार वर्षे बसलेल्या स्त्रीने लिहिलेल्या या ग्रंथाची भाषा कोठेही अडखळत नाही. समोर मुलगी उभी आहे आणि तिला सांगावयाचे आहे, अशा थाटात ती चालते. पुस्तकाच्या दीड लाखांहून अधिक प्रती विकल्या गेल्या. मराठी प्रकाशनव्यवहारात कादंबऱ्यांनाही हा आकडा सहसा लाभत नाही. दुसरा भाग निघाला, निवडक शाकाहारी पाककृतींची इंग्रजी आवृत्तीही आली. अमेरिकेला निघालेल्या मुलीच्या बॅगेत हे पुस्तक ठेवण्याची तर अनेक घरांत रीतच पडली. कमलाबाईंना एक लाख सुनांची सासू ही पदवी मिळाली ती यामुळे. सासू या शब्दाला मराठीत एरवी जो धाक चिकटलेला आहे, तो पाहता ही पदवी प्रेमाने दिली गेली हे विशेषच.

या यशावर एक आक्षेपही घेतला जातो. मापाने केलेल्या स्वयंपाकाला हाताची चव नसते आणि लेखी पाककृतीमुळे घराघरांतील वेगळेपण पुसले जाते, असे म्हणणारे आहेत. त्यांचे म्हणणे अगदीच खोटे नाही. सांगलीच्या ब्राह्मणी घरातील चव 'रुचिरा'मधून मराठी चव म्हणून सर्वदूर गेली आणि इंदापूरच्या काळ्या मसाल्याला किंवा मटणाच्या रश्श्याला त्यात त्यांच्या तोलामोलाचे स्थान मिळाले नाही. भाकरीचेही उदाहरण घ्यावे. १८८५ साली नीरा डाव्या कालव्याचे पाणी आले तेव्हापासून या भागात उसाची शेती वाढत गेली, परंतु ताटात ज्वारी-बाजरीची भाकरी टिकून राहिली. पीठ ताजे असेल तर साध्या पाण्याने जमते. पीठ जुने होऊन त्याची विरी गेली की आधणाचे पाणी लागते आणि किती लागते ते बोटांनाच कळते. तेथे वाटी-चमचा थांबतो. कमलाबाई स्वतः ज्या तालमीत तयार झाल्या तीही बोटांचीच होती. मात्र ज्यांना ती तालीम मिळणे शक्य नव्हते, त्यांच्यासाठी त्यांनी लिहिले, हे आक्षेप घेताना विसरले जाते.

कमलाबाईंचे निधन १९९९ मध्ये झाले. त्यानंतरही 'रुचिरा'च्या आवृत्त्या निघत राहिल्या. पहिल्या आवृत्त्यांच्या ज्या प्रती घरोघरी उरल्या आहेत, त्यांतील पुरणपोळीचे आणि दिवाळीच्या फराळाचे पान बहुधा सुटलेले, तेलकट बोटांनी पिवळे पडलेले असते आणि समासात कोणीतरी पेन्सिलीने गूळ अर्धी वाटी कमी असे लिहून ठेवलेले असते.