चिरागनगरचे कादंबरीकार

घाटकोपरच्या चिरागनगर झोपडपट्टीत अण्णाभाऊ साठे यांचे दीर्घकाळ वास्तव्य होते. सन १९२० च्या ऑगस्टच्या १ तारखेस वाटेगाव येथे मातंग समाजात त्यांचा जन्म झाला. शाळा त्यांस अवघी दीड दिवस लाभली. दारिद्र्यामुळे ते बालवयात आईबापांबरोबर पायी मुंबईस आले व पुढे गिरणीत राबले. गाव सोडून निघालेल्या निर्धन कुळांची कादंबरी अमेरिकेत जॉन स्टाइनबेक यांनी १९३९ साली लिहिली. अण्णाभाऊ तर स्वतःच तशा वाटेने चालून आले होते, आणि हा भेद लहान नव्हे.

‘फकिरा’ ही त्यांची कादंबरी १९५९ साली प्रसिद्ध होऊन १९६१ साली तीस राज्य सरकारचे पारितोषिक मिळाले. तथापि आमच्या मते ‘स्मशानातील सोनं’ ही कथा तिच्याहून थोर होय. उपनगरातील खाण बंद पडते, तेव्हा तेथील मजूर भीमा प्रेतांच्या राखेतून सोने वेचून बायकोमुलीस पोसतो. (गरिबाच्या चितेत त्यास काय सापडणार!) शेवटी एका प्रेताच्या जबड्यात त्याची बोटे अडकतात व ती कापावी लागतात, आणि त्याच दिवशी खाण पुन्हा सुरू झाल्याची वार्ता येते.

अण्णाभाऊ १९६९ च्या जुलैच्या १८ तारखेस निवर्तले. तेव्हा त्यांचे वय ४८ वर्षांचे होते.