नव्वद मैल उभा राहिलेला विद्यार्थी



शाळेच्या आठवणी या स्मरणिकेत बरेच जण लिहिणार आहेत, आणि ते माझ्यापेक्षा चांगले लिहितील. म्हणून संपादक मंडळींच्या संमतीने मी दुसऱ्याच एका शाळकरी मुलाविषयी लिहितो आहे. आपण त्याला ओळखतो ते नोबेल विजेता म्हणून. मला मात्र त्याच्यातला विद्यार्थी अधिक जवळचा वाटतो.

मार्टिन ल्यूथर किंग यांचा जन्म १५ जानेवारी १९२९ रोजी अमेरिकेतील अटलांटा शहरात झाला. वडील चर्चमध्ये धर्मोपदेशक. लहानपणी मार्टिनचा एक गोरा सवंगडी होता. शाळेत जायचे वय झाले तेव्हा दोघांच्या शाळा वेगळ्या झाल्या, आणि त्या मुलाच्या घरच्यांनी खेळणेही बंद केले. कारण विचारायला तो आईकडे गेला. आईने त्याला गुलामगिरीचा इतिहास सांगितला आणि तू कुणाहूनही कमी नाहीस, हेही बजावले.

१९४४ साली, पंधरा वर्षांचा असताना, तो वक्तृत्व स्पर्धेसाठी डब्लिन या गावी गेला होता. सोबत त्याच्या शिक्षिका सारा ब्रॅडली होत्या. भाषणाचा विषय होता कृष्णवर्णीय आणि अमेरिकेची राज्यघटना. परतीच्या बसमध्ये गोरे प्रवासी चढले आणि ड्रायव्हरने या दोघांना जागा रिकामी करायला सांगितले. मार्टिन उठेना. शेवटी बाईंनी समजावले, कायदा तसा आहे, ऊठ. सुमारे नव्वद मैल तो उभा राहिला. एवढा राग आयुष्यात कधी आला नव्हता, असे त्याने पुढे नमूद केले आहे. मला त्या बाईंचाही विचार सुचतो. राज्यघटनेवर बोलायला तयार केलेल्या मुलाला त्याच दिवशी बाकावरून उठवायचे, यापेक्षा शिक्षकावर अवघड वेळ कोणती?

त्या रागाचे किंग यांनी काय केले, हे त्यांच्या पुढच्या आयुष्यात दिसते. समाजशास्त्र, धर्मशास्त्र आणि पुढे बोस्टनला डॉक्टरेट, असे शिक्षण घेताना त्यांनी गांधीजी अभ्यासले. १९५४ मध्ये ते माँटगोमेरीच्या चर्चमध्ये रुजू झाले. १ डिसेंबर १९५५ रोजी रोझा पार्क्स यांनी बसमधील जागा सोडायला नकार दिला, त्यांना अटक झाली आणि बसवर बहिष्कार सुरू झाला. नेतृत्व आले सव्वीस वर्षांच्या किंग यांच्याकडे. धुणीभांडी करणाऱ्या बायका, मजूर, म्हातारी माणसे ३८१ दिवस पायी किंवा एकमेकांच्या मोटारींतून कामाला गेली. अखेर सर्वोच्च न्यायालयाच्या निर्णयाने बसमधील भेद संपला.

या काळात, जानेवारी १९५६ मध्ये, त्यांच्या घरावर बॉम्ब टाकला गेला. पत्नी कोरेटा आणि तान्ही मुलगी आत होत्या, दोघी बचावल्या. संतापलेले लोक हत्यारे घेऊन अंगणात जमले. किंग यांनी ओसरीवर उभे राहून त्यांना शांतपणे घरी पाठवले. दोन वर्षांनी न्यूयॉर्कमध्ये एका मनोरुग्ण स्त्रीने त्यांच्या छातीत धारदार पत्रफोडणी खुपसली. तिच्याविषयी मनात आकस नाही, असे त्यांनी रुग्णालयातूनच कळवले. प्रेम म्हणजे आवडणे नव्हे, असे ते समजावून सांगत. बॉम्ब टाकणारा कुणाला आवडेल? पण त्याचे वाईट चिंतायचे नाही आणि अन्यायाला शरणही जायचे नाही, हे त्यांच्या मते प्रेम.

फेब्रुवारी १९५९ मध्ये ते भारतात आले. मुंबईत गांधीजींच्या वास्तव्याने पावन झालेल्या मणिभवनातच ते राहिले. त्रिवेंद्रमच्या एका शाळेतला प्रसंग त्यांनी पुढे आपल्या चर्चमध्ये सांगितला. तिथे बहुतेक मुले पूर्वाश्रमीच्या अस्पृश्य कुटुंबांतील होती. मुख्याध्यापकांनी पाहुण्यांची ओळख अमेरिकेतले आपल्यासारखेच अस्पृश्य अशी करून दिली. किंग यांना आधी धक्का बसला, थोडा रागही आला. मग आपल्या देशातल्या बांधवांची स्थिती आठवून त्यांनी ती ओळख मान्य केली. आपल्या दुःखाचे नाव त्यांना आपल्याकडच्या एका शाळेत मिळाले, हे आपण मिरवावे असे नव्हे.

१९६३ मध्ये बर्मिंगहॅमला शाळकरी मुले रस्त्यावर उतरली. त्यांच्यावर पाण्याचे जोरदार फवारे आणि कुत्रे सोडले गेले. २८ ऑगस्टला वॉशिंग्टनमध्ये सुमारे अडीच लाख लोक जमले. १९६४ मध्ये नागरी हक्कांचा आणि १९६५ मध्ये मतदानाच्या हक्काचा कायदा झाला. नोबेलची सगळी रक्कम किंग यांनी चळवळीला दिली. पण कायदे झाल्यावर ते थांबले नाहीत. व्हिएतनाम युद्धाला विरोध केला, गरिबीविषयी बोलू लागले, आणि जुने समर्थकही दुरावले. मेम्फिस शहरातील सफाई कामगारांचा संप चालू होता. आपण माणूस आहोत, एवढेच त्यांच्या फलकांवर लिहिलेले असे. त्यांच्यासाठी गेले असताना ४ एप्रिल १९६८ रोजी किंग यांची गोळी घालून हत्या झाली. वय फक्त एकोणचाळीस.

आज त्यांच्या जन्मदिनानिमित्त अमेरिकेत जानेवारीच्या तिसऱ्या सोमवारी राष्ट्रीय सुट्टी असते. सुट्टी देणे सोपे असते. बाकावर जागा देणे कठीण. आपण सगळे एका वर्गात बसलो, ही आपल्या स्नेहाची पुंजी. पण एका वर्गात बसणे आणि एका डब्यातले खाणे यांत अंतर असते, आणि ते कुणाला जाणवले असेल तर ते त्या बाजूला बसलेल्यालाच. या मेळाव्यात जुन्या गमतीजमती निघतीलच. त्यांतच कुणी मनातले असे काही बोलू लागले, तर आपण गप्प बसून ऐकून घेऊ. किंग यांना आदरांजली म्हणून माझ्या मते तेवढे पुरेसे आहे, आणि तेवढे आपल्याला जमण्यासारखेही आहे.